खिट्टी बसली नव्हती

मी एक ट्रेलर आहे. दोन चाकं, लोखंडी सांगाडा, पुढे लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला पालथ्या वाटीसारखं तोंड. कुणाच्या तरी मागेमागे जायचं, एवढंच माझं काम.

मला करवून घेतलं नावा बांधणाऱ्या एका मिस्त्रीनं. "इथे अजून एक टाका मार, तो कोपरा घास," असं म्हणत त्यानं वेल्डरचा जीव नकोसा केला होता. शेवटी वेल्डर वैतागला. "मिस्त्री, ट्रेलर हवाय की पाळणा?"

"पाळणाच समज. माझ्या लेकी यातूनच जाणार आहेत."

त्याला मूलबाळ नव्हतं. बांधलेली प्रत्येक नाव त्याची लेक होती.

नाव पोचवायच्या दिवशी मिस्त्रीला घाई खपत नसे. आधी टायरांतली हवा बघायची. मग नाव अशी चढवायची, की तिचा जास्त भार चाकांच्या थोडा पुढे येईल. "मागे वजन गेलं की हा शेपूट हलवतो," असं माझ्याबद्दल सगळ्यांना सांगायचा. मग जीपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर माझं तोंड बसवून खिट्टी दाबायची, आणि दांडा दोन्ही हातांनी वर ओढून बघायचा. माझ्याबरोबर जीपचं बूडही उचललं गेलं, तर खिट्टी बसली. तरी भागत नसे. दोन साखळ्या खालून फुली मारून जीपला अडकवायच्या. तोंड सुटलंच, तर दांडा त्या झोळीत पडावा म्हणून. दिव्यांचं काम त्याच्या बायकोकडे. ती मागे उभी राहून ओरडायची, "डावा लागला! उजवा लागला! अहो, आता ब्रेक दाबा की!"

शेजारी थट्टा करायचे, "मिस्त्री, तळ्यावर चाललात की चंद्रावर?" तो हसायचा आणि पुन्हा एक फेरी मारून बघायचा.

मग एका सकाळी काम करता करता तो खाली बसला, तो त्याला उठताच येईना. उजवी बाजू गेली. वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आला तो चाकाच्या खुर्चीत. तोंडातून फक्त एकच आवाज निघायचा, "अँ." पण त्याची बायको मोठी हिकमती. आखूड 'अँ' म्हणजे पाणी, लांब 'अँ' म्हणजे कुशीवर वळव, हे तिनं हां हां म्हणता ओळखलं. आल्यागेल्याला ती कौतुकानं सांगायची, "आमचं सगळं बोलणं होतं हो!"

एक नाव तेवढी राहिली होती. नुसता रंग बाकी होता. तो बायकोनं दिला. खुर्चीतून मिस्त्री डाव्या हातानं दाखवायचा, इथे राहिलं, तिथे ओघळ आला. तळ्यावरचा नावाडी वाट बघत होता. पोचवायला मिस्त्रीचा धाकटा भाऊ आला. दादावर जीव टाकणारा, रजा काढून आलेला. फक्त सदा घाईत, पायाला भिंगरी.

त्यानं नाव चढवली, पट्टे आवळले, जीप मागे घेतली. माझं तोंड गोळ्यावर टेकलं. त्यानं खिट्टी दाबली, पण ती बसली नाही, नुसती अडकून राहिली. दांडा उचलून बघायचं त्याला सुचलं नाही. साखळ्या माझ्याच अंगावर गुंडाळलेल्या होत्या, तशाच राहिल्या.

"अँ!" मिस्त्री दारातून ओरडला. "अँ! अँ!" डावा हात खुर्चीवर आपटू लागला.

भावाचे डोळे भरले. "वहिनी, दादा रडतोय बघ. शेवटची नाव ना."

तिनं पदरानं नवऱ्याचं तोंड पुसलं. "असं नाही करायचं. मी स्वतः जाते सोबत. नीट पोचवते हं तुमच्या लेकीला."

त्या अंगणात चूक काय झाली ते दोघांनाच कळत होतं, त्याला आणि मला. आणि दोघांनाही बोलता येत नव्हतं.

गल्ली संपेपर्यंत त्याचा आवाज माझ्या मागे येत होता.

चढावर जीपला हिसका बसला आणि माझं तोंड सुटलं. मी उलटा घरंगळलो, मोरीच्या कठड्यावर आदळलो. कुणाला खरचटलंही नाही. पण नाव मधोमध फुटली. बाई खाली उतरली, तिनं माझी मोकळी खिट्टी पाहिली, गुंडाळलेल्या साखळ्या पाहिल्या आणि दिराकडे वळली. "ते रडत नव्हते रे," ती म्हणाली. "ते सांगत होते."

फळ्यांच्या ढिगासकट मला अंगणात आणलं. भाऊ खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसला. "दादा, मार मला. पण काहीतरी बोल. अँ तरी म्हण!"

मिस्त्रीनं डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. राग नव्हता त्यात. पण तोंडातून आवाज आला नाही. तो पुन्हा कधीच आला नाही. तहान लागली तरी नाही, कूस दुखली तरी नाही. बायको सारखी विचारत राहायची, "पाणी हवं का? वळवू का?" तो नुसता बघायचा. त्या घरातलं बोलणंच संपलं.

आज एक माळीणबाई आपली गाडी घेऊन मला न्यायला आली आहे, रोपं वाहायला. जोडणी मिस्त्रीच्या बायकोनं कुणाला करू दिली नाही. खिट्टी तिनं दाबली, दांडा तिनं ओढून पाहिला, साखळ्या तिनं अडकवल्या, दिवे तिनं बघितले. मग ती नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"अहो, झालं का सगळं? काही राहिलं का?"

गाडी कुणी सुरू केली नाही. माळीणबाई थांबली, भाऊ थांबला. मिस्त्री माझ्याकडे बघत होता. बाईनं परत येऊन सगळं पहिल्यापासून तपासलं आणि परत जाऊन विचारलं. त्याचं गप्प राहणं म्हणजे होकार, की त्यानं सांगणंच सोडलं म्हणून ते गप्प राहणं, तिला कसं कळावं? सगळं पक्कं होतं. मला ठाऊक होतं. पण तिला सांगणार कोण?

आता गाडी हलली आहे. बाई रस्त्यापर्यंत माझ्या बाजूनं चालत आली, आणि तिथून वळून धावतच घरात गेली.

माणसांनो, एवढंच मागतो. तुमच्या दारात कुणी न कळणारं ओरडत असेल, तर त्याचे डोळे पुसायला धावू नका. आधी तो कुठे बघतोय, ते बघा.