तांबडीने कुरतडलेला दरवाजा

मित्रांनो, माझ्या वरच्या काठावरून जरा हात फिरवून बघा. लागतात ना खाचा? वाळवी नाही हो ती! ते एका घोडीचे दात आहेत. मी घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेच्या तबेल्यातला जुना, अर्ध्या उंचीचा दरवाजा आहे. अस्सल सागवानी. सुताराने मला बसवलं तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं, आणि मीही थोडा फुगलोच.

माझ्या खोलीत तांबडी राहायची. ती शिंगरू होती तेव्हा मोतद्दारकाकांनी, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या काकांनी, तिला बाटलीने दूध पाजलं होतं. त्यांचा तिच्यावर भारी जीव. पुढे चरायच्या मैदानावर बांधकाम निघालं आणि तिचं चरणं बंद झालं. शिकवणीचा एक तास सोडला तर दिवसभर ती चार भिंतींत. दुसरा घोडा ऐकू यायचा, पण दिसायचा नाही. महिन्याभरात ती माझा काठ दातांत धरून हवा गिळू लागली. उभ्या उभ्या झुलायची, बादली वाजली तरी दचकायची. काय हे वळण, म्हणून मी मनातल्या मनात तिला पुष्कळ बोल लावले.

"भूक लागते पोरीला," काका म्हणायचे आणि तिच्या तोंडाला बांधायच्या पिशवीत, म्हणजे तोबऱ्यात, गुपचूप जास्तीचा दाणा घालायचे. गवत मात्र एकच पेंढी. गवत काय, कोणीही घालतं. दाणा म्हणजे लाड! तांबडी पाच मिनिटांत तोबरा फस्त करायची आणि पुन्हा माझ्याकडे वळायची. सुताराने माझ्या काठावर पत्रा ठोकला. तिने तोही चावला आणि हिरडी फाडून घेतली. रोग परवडला, पण औषध नको!

एका सकाळी कोणीतरी छत्री उघडली आणि तांबडी उधळली. पाठीवरची मुलगी पडली, तिचा हात मोडला. शाळेच्या मालकीणबाई म्हणाल्या, "काका, आणखी एक महिना बघते. नाही सुधारली तर विकून टाकणार." काकांचा चेहरा पडला. त्या दिवशी त्यांनी दाणा आणखी एक ओंजळ वाढवला.

त्याच आठवड्यात नालबंद नाल बदलायला आला. त्याने खुरांआधी माझ्याकडे पाहिलं, मग तोबरा उचलून बघितला.

"काका, हिला गवत किती?"

"एक पेंढी. पण दाणा बघा की, भरपूर!"

"तिथंच चुकतंय. अहो, घोड्याचं पोट दिवसभर थोडं थोडं चघळायला असतं. तुम्ही एवढी ताकद एकदम पोटात घालता आणि वर कोंडून ठेवता. तुम्ही तरी शांत बसाल का?"

काकांनी त्याच्या हातून तोबरा घेतला. "म्हणजे मीच पोरीला वेडं केलं?"

"मायेनंच केलंत हो. आता दाणा हळूहळू कमी करा, गवत दिवसभर पुढ्यात ठेवा. बाहेर अंगणाला कुंपण घाला, शेजारच्या म्हाताऱ्या पांढऱ्या घोड्याला सोबतीला सोडा. आणि हा दरवाजा काढा."

मी! अहो, माझा काय गुन्हा? पण बिजागऱ्या निघाल्या आणि मला भिंतीला टेकवलं. पहिला अख्खा दिवस तांबडी उंबऱ्यावरच उभी राहिली. बाहेर पडता येतं हे तिला खरंच वाटेना. दुसऱ्या दिवशी पांढऱ्याने मान हलवली आणि ती गेली. हळूहळू तिचं झुलणं थांबलं. हवा गिळणं काही पूर्ण गेलं नाही. जुनी सवय ती. कधीकधी कुंपण धरते अजून.

महिना संपला. बाईंनी तिच्यासमोर स्वतः छत्री उघडली. काकांनी डोळे मिटून घेतले. तांबडीने कान टवकारले, पाहिलं, आणि पुन्हा गवतात तोंड घातलं. "राहू दे हिला," बाई म्हणाल्या. काका तिच्या मानेला मिठी मारून हमसून हमसून रडले.

मित्रांनो, मला वाटायचं, मी तिला आवरतोय. खरं म्हणजे तिच्या दुखण्यात माझाही वाटा होता. म्हणून सांगतो, तुमच्या घरचा मुका जीव चावला, ओरडला, तर त्याला द्वाड म्हणू नका. आधी त्याच्या वाटीत काय आहे ते बघा. मग त्याच्याशेजारी बसा आणि तिथून काय दिसतं ते बघा. एखादा दरवाजा आड येत असेल तर खुशाल काढा. वाईट वाटेल त्याला. पण त्याला माझ्याकडे पाठवा. मी घालीन त्याची समजूत.