दोन तिरक्या रेघांनी गिळलेल्या ओव्या

मित्रांनो, मी एक जुनी, साध्या अक्षरांची फाईल आहे. जुनी म्हणजे तीन वर्षांची. पण संगणकात तीन वर्षं म्हणजे शंभरी! वजनाला मी इतकी हलकी की मोहरीचा दाणा माझ्यापुढं हत्ती वाटावा. मला नटणं-मुरडणं माहीत नाही. ओळीआधी बरोबरचं चिन्ह घातलं की मथळा होतो, शब्दाच्या दोन्हीकडं चांदणी घातली की तो ठळक होतो. शेवटी एक हुकूम दिला की छापायजोगी पानं तयार.

मला जन्म दिला कर्नाटकाच्या सीमेवरच्या मादन हिप्परगा गावच्या गुंडेराव गुरुजींनी. बिदरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या राजश्रीनं त्यांना ही विद्या दिली. कारण मोठं होतं. शेजारच्या नागव्वाच्या गळ्याचं ऑपरेशन कलबुर्गीला ठरलं होतं आणि "आवाज राहीलच असं नाही," असं डॉक्टर म्हणाले होते. तूर भरडताना म्हणायच्या एकशे सात ओव्या तिच्या एकटीच्याच गळ्यात होत्या.

बारा दिवस ती गायली. गुरुजी एका बोटानं लिहीत राहिले, नजर कायम बटणांवर.

"गुंडू, कामून थांबलास? बोट झिजायलंय व्हय?"

"अक्का, एकेक अक्षर हुडकावं लागतंय."

"मी मरायच्या आत हुडक म्हंजे झालं!"

आणि तिथंच, मित्रांनो, घात झाला. आपल्या लग्नपत्रिकेवर '//श्री//' लिहितात ना, तशा गुरुजींनी प्रत्येक ओवीच्या आधी आणि नंतर दोन तिरक्या रेघा मारल्या. आमच्या कायद्यात मात्र ओळीच्या सुरुवातीला अशा रेघा आल्या, की ती ओळ लिहिणाऱ्याची खाजगी टिपण ठरते. ती पोटात ठेवायची, पानावर छापायची नाही. मला सगळं कळत होतं. पण मला तोंड कुठं आहे?

ऑपरेशन झालं. नागव्वा वाचली, आवाज गेला. ती घरी आल्यावर गुरुजींनी तिच्यासमोरच हुकूम दिला. पानं आली. मथळे होते, ओव्यांचे अर्थ होते, ओवी मात्र एकही नव्हती!

गुरुजींनी घाबरून मला उघडलं. टिपणाच्या ओळी पडद्यावर फिक्या राखाडी दिसतात. खिडकीतलं ऊन नेमकं पडद्यावर, त्यात गुरुजींना मोतीबिंदू. त्यांना नुसती मोकळी जागा दिसली.

"अक्का, ह्याला कीड लागली. तुझी गाणी खाल्ली," ते रडवेले झाले. "आता बाकीचंही खाईल. पुसूनच टाकतो ह्याला."

पडद्यावर प्रश्न उमटला: पुसून टाकायचं का? बाण 'हो'वर गेला. काय सांगू, भीतीनं माझ्या चांदण्या विझायला आल्या, मथळे शेवटच्या पानामागं दडले. आता मी जाणार आणि माझ्यासोबत एकशे सात ओव्याही! पुन्हा म्हणायला नागव्वाला आवाज नव्हता.

इतक्यात तिनं गुरुजींचं मनगट घट्ट धरलं. तिला वाचता येत नव्हतं, पण डोळे घारीचे. पडद्यावरच्या फिक्या मुंग्यांच्या रांगांवर तिनं बोट ठेवलं.

"काय अक्का? हितं काय न्हाई."

तिनं आपला पदर गुरुजींच्या डोक्यावरून पडद्यावर ओढला. आत अंधार झाला आणि हळूहळू अक्षरं वर आली.

"आगं, हायत की! सगळी हायत!"

फोनवर राजश्री हसून हसून दमली. "गुरुजी, तिरक्या रेघा काढा, उभे दंड घाला. गाणी गेली न्हाईत, लपलीत."

दंड घातले, पानं छापली. गुरुजी मोठ्यानं वाचू लागले, "बोलतो मराठी राघू, हसतो कानडीत ग..."

फाडकन त्यांच्या पाठीत धपाटा बसला.

"चुकलो, चुकलो! बोलतो कानडी राघू, हसतो मराठीत ग, भांडायला मैनेनं जावं कोणत्या भाषेत ग!"

नागव्वाचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते.

मित्रांनो, मला अजून त्या 'हो'ची भीती वाटते. म्हणून एवढंच मागते, पुसण्याआधी एकदा सावलीत धरून बघा. ज्याला आवाज नाही, त्याच्या पोटात गाणं नाही असं समजू नका.