फाइनाचे अवयव

ओरेस्तेच्या मते जगात दोनच प्रकारच्या गाड्या होत्या: फाइना आणि भंगार. वाल्मोरा गावाला फाइनाच भंगार वाटायची, पण ते त्याच्या तोंडावर कोणी बोलत नसे.

फाइना जन्मली तीच नाइलाजानं. कंपनीला रॅलीत उतरायचं होतं, आणि नियम असा की शर्यतीत पळवायची ती गाडी आधी ठरावीक संख्येनं बनवून लोकांना विकायलाही काढायची. कंपनीनं नाक मुरडत तेवढ्या बनवल्या. आत बसणारा उन्हाळ्यात भाजून निघे, पावसात भिजून निघे, आणि सामानाची जागा म्हणाल तर एक सलामी सॉसेज मावेल, तेही तिरकं. गिऱ्हाइकं पळाली, कंपनी बुडाली, आणि मग रीतीप्रमाणे सगळ्यांना ती गाडी फार सुंदर वाटू लागली.

ओरेस्तेची फाइना तर खुद्द कंपनीनं रॅलीत पळवलेली. सत्याहत्तर साली ती वाल्मोराच्या चर्चखालच्या वळणावर सरळ नाल्यात गेली. तिथं गाव दर वर्षी रॅली बघायला मक्याच्या पिठाचा पोलेंता आणि वाइन घेऊन बसायचं, आणि एखादी गाडी घसरली की सगळे धावत जाऊन तिला उचलून रस्त्यावर ठेवायचे. त्या वर्षीही उचलली. फक्त उचलताना ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याच्याबरोबर घरी गेलं. याला गावात चोरी म्हणत नाहीत, आठवण म्हणतात. उरलेला सांगाडा पुढे ओरेस्तेनं कंपनीकडून मिळवला आणि इकडचेतिकडचे भाग जोडून उभा केला.

आता ओरेस्तेचे केस पिकले होते. जुन्या गाड्यांची रॅली यंदा पहिल्यांदाच त्यांच्या खोऱ्यातून जाणार होती, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की वसंतात लायसन्स संपलं की विषय संपला. म्हणजे जे काय व्हायचं ते याच वर्षी. पण रॅलीत प्रवेश फक्त अस्सल ठरलेल्या गाड्यांना, आणि ते ठरवायला तोरिनोहून ब्रुसास्काबाई आल्या. बाईंनी गाडीखाली शिरून तासभर टकटक केली.

"सांगाडा खरा आहे," त्या बाहेर येत म्हणाल्या. "बाकीचं अंग कुणाकुणाचं आहे, देव जाणे."

मूळ भाग आणा, आणि मुख्य म्हणजे सांगाड्याच्या नंबरची कंपनीनं ठोकलेली पत्र्याची पट्टी आणा, असं सांगून त्या गेल्या.

ओरेस्ते दारोदार फिरला. कुणाला काही आठवेना. शेवटी पाद्रीबाबांनी रविवारी जाहीर केलं की ज्याला जे परत करायचं असेल त्यानं ते चर्चमधल्या पापनिवेदनाच्या खोपटात ठेवावं, विचारणार कोणी नाही. सोमवारपर्यंत त्या खोपटात पाप सांगायला जागा उरली नाही. स्टिअरिंग आलं, आरसे आले, बॉनेट आलं. ते कुणाच्या तरी खुराड्याचं छप्पर होतं आणि कोंबड्यांनी त्यावर सह्या केल्या होत्या. पुढचे दिवे तर तीन आले. तिसरा भलत्याच गाडीचा निघाला, पण ज्यानं ठेवला त्याचं मन तरी हलकं झालं असेल.

सगळं आलं, पट्टी तेवढी आली नाही. बाई परत यायच्या आदल्या दुपारी ओरेस्ते जेवायला बसून पट्टीचोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. बायको, देल्फिना, शांतपणे उठली, आत गेली आणि येऊन त्याच्या ताटाशेजारी पट्टी ठेवली.

ओरेस्तेनं चष्मा चढवून पट्टीवरचा नंबर वाचला.

"मीही होते उचलायला," ती म्हणाली. "गवतात सापडली. लग्न झाल्यावर सांगणार होते, पण तू पहिल्याच जेवणाला त्या चोराला फासावर चढवायला निघालास. मग म्हटलं, राहू दे."

"पण मग मी दारोदार फिरत होतो तेव्हा का नाही बोललीस?"

"परवा तू पाद्रीबाबा समजून टपालपेटीला टोपी काढलीस, ओरेस्ते. तुला त्या कड्यावरून जाऊ देऊ?" तिनं पट्टीवर बोट ठेवलं. "घे. पण गाडी मी चालवणार. लग्नापासून याच घाटात चीजची व्हॅन मी चालवतेय. तू शेजारी बसून वहीत टिपलेली वळणं मला वाचून सांग. जवळचं तुला चष्म्यानं दिसतं."

फाइनाच्या स्टिअरिंगला ओरेस्तेनं आजवर कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. तो दोन दिवस बोलला नाही. गाडी अस्सल ठरली तेव्हाही नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं गुपचूप सीट पुढे सरकवून ठेवली, देल्फिनाचे पाय पोचतील इतकी.

रॅलीच्या दिवशी घाट सुरू झाला. "डावं, अवघड," ओरेस्तेनं वहीतून वाचलं. "हळू घे." देल्फिनानं हळू घेतलं नाही. त्यानं घाबरून मान वर केली. झाडं म्हणजे हिरवा फराटा, माणसं म्हणजे रंगीत फराटा. अख्खं गाव वळणावर उभं होतं आणि त्याला एक चेहरा ओळखता येईना. त्याला फार वाईट वाटलं. देल्फिनाचं बरोबर होतं, आणि कितीतरी आधीपासून बरोबर होतं.

"पुढचं?" ती ओरडली.

त्यानं चष्मा नाकावर दाबून वही जवळ धरली. "उजवं, सोपं," तो म्हणाला. "आणि देल्फिना, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलू नकोस."