अर्धी चिपळी

मित्रांनो, मी कीर्तनकाराच्या हातातली जुनी चिपळी आहे. खरं सांगायचं तर अर्धीच. चिपळ्या दोन असतात, एक अंगठ्यात आणि दुसरी बोटांत. एकमेकींवर पडल्या तरच बोलतात. माझी जोडीदारीण जपानात आहे आणि मी सिंगापूरला, बुकित बातोकच्या एका फ्लॅटमध्ये, जुन्या चार्जरांच्या खणात.

मिरजेच्या सुताराने आम्हा दोघींना शिसवीच्या एकाच फळीतून कापलं आणि खाचांत पितळी चकत्या बसवल्या. मनोहरबुवांच्या हातात आम्ही बावीस वर्षं वाजलो. रामनवमीला देवळात पाय ठेवायला जागा नसे. एरवी कधी चार म्हाताऱ्या आणि पुजारी एवढेच श्रोते. बुवा त्या पाचांसमोरही तेवढेच तल्लीन होत. मुलगा शैलेंद्र इंजिनियर होऊन जपानला निघाला, तेव्हा त्यांनी आम्हाला त्याच्या बॅगेत ठेवलं. "देव तिथेही आहे रे. हात तेवढा विसरू नकोस," म्हणाले.

शैलेंद्र मिनोसावा नावाच्या लहान गावात राहायचा. एका रविवारी शहरातल्या भजनाहून परतताना नदीकाठच्या मैदानावर ढोल ऐकू आला. गावचा फुटबॉल क्लब खेळत होता. खेळाडू आठवडाभर कारखान्यात नाहीतर पोस्टात राबणारे, प्रेक्षक तीस-चाळीस. टोफूचं दुकान चालवणारे ओकादा-सान एकटेच ढोल वाजवत होते. तीन गोल खाल्ले तरी त्यांचा हात थांबेना. शैलेंद्रला बाबा आठवले. त्याने आम्हाला बॅगेतून काढलं आणि ताल धरला. ओकादा-साननी वळून पाहिलं, हसले, आणि बाकावर सरकून जागा करून दिली.

पाच वर्षं आम्ही त्या ढोलाला साथ केली. क्लब प्रादेशिक लीगमधून एक पायरी वर चढला. मग शैलेंद्रला सिंगापूरची नोकरी लागली. स्टेशनवर निरोप घेताना त्याने माझ्या जोडीदारणीला ओकादा-सानच्या हातात ठेवलं. "क्लब प्रोफेशनल लीगमध्ये गेला की पहिल्या मॅचला येईन. तेव्हा ही जोडी जुळवू."

बोलून गेला बिचारा. त्या बोलापायी मी सात वर्षं खणात काढली. क्लब कधी तिसरा येई, कधी सातवा. माझा एकच आधार होता. ओकादा-सान तिला ढोलाच्या लाकडी काठावर वाजवत, आणि शैलेंद्र टीव्हीवर मॅच लावी तेव्हा तिचा आवाज माझ्यापर्यंत पोचे.

गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी दुपारी खण उघडला. शैलेंद्रने मला देवापुढे ठेवलं. शेवटची मॅच होती. जिंकले तर पहिला नंबर, म्हणजे प्रोफेशनल लीग. पण दुसरीही अट होती, वर्षभरात मॅचमागे सरासरी दोन हजार प्रेक्षक हवेत.

"किती कमी पडतायत?" त्याच्या बायकोने, नंदाने विचारलं.

"आज अडीच हजार आले तर जमेल. अख्खं गाव नऊ हजारांचं आहे गं."

मॅच सुरू झाली. ढोल वाजत होता, पण वाजवणारा कुणी तरुण होता. ओकादा-सानची जागा रिकामी. माझ्या जोडीदारणीचा आवाज नाही. मित्रांनो, माझं लाकूड आतून थंड पडलं.

"फोनही उचलत नाहीत," शैलेंद्र म्हणाला. "अठ्ठ्याहत्तर वय आहे त्यांचं."

"मैदानात कुणाला फोन ऐकू येतो?" नंदा म्हणाली, पण तिचाही आवाज उतरला होता.

"रिलॅक्स लाह, बाबा," त्यांची दहा वर्षांची गार्गी शाळेतल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, आणि स्वतः नखं खात बसली.

पासष्टाव्या मिनिटाला मिनोसावाने गोल केला. त्यानंतर घड्याळ सरकेचना. पंच्याऐंशी झाली तशी शैलेंद्रने निरांजन लावलं आणि आरतीचं तबक उचललं.

"अरे, अजून पाच मिनिटं आहेत," नंदा म्हणाली.

"झालंच की आता."

बुवांचा नेम होता, आख्यान संपल्याशिवाय तबकाला हात लावायचा नाही, मग श्रोते कितीही घाईत असोत. पोरगा नेमका तेच विसरला. ज्योत स्थिरावते न स्थिरावते तोच समोरच्यांनी बरोबरी केली. एक-एक. मैदानातला ढोल थांबला.

"बाबांनी कान धरला असता माझा," शैलेंद्र हळूच म्हणाला. फुंकर तर घालता येईना. त्याने तबक अलगद खाली ठेवलं आणि मला उचललं. पण एकटी मी वाजणार कशावर? गार्गी स्वयंपाकघरात धावली आणि चॉपस्टिक घेऊन आली. "हे घे. धिस वन कॅन, लाह."

टिक, टिक. कसला तो किडकिडीत आवाज, पण बुवांचाच ठेका.

आणि टीव्हीतून उत्तर आलं. टक-छन्न. टक-छन्न. ढोलापाशी ओकादा-सान उभे होते, धापा टाकत, गळ्यात 'आज या' अशी पाटी. मागून कळलं, ते सकाळी सातपासून स्टेशनबाहेर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत होते. दारावरच्या माणसाने आकडा सांगितला तेव्हाच आत आले. दोन हजार सहाशे अकरा.

भरपाईच्या वेळेतल्या शेवटच्या मिनिटाला कोपऱ्यातून चेंडू आला, एका पोस्टमनने डोकं लावलं, आणि क्लब प्रोफेशनल झाला. नंदाने दुसरं निरांजन लावलं, आणि मग आरती झाली.

संध्याकाळी ओकादा-साननी माझ्या जोडीदारणीला फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरलं. सात वर्षांनी पाहिलं तिला. कड झिजलेली, एक चकती पडलेली, पण उरलेल्या चकत्या लखलखीत. मी मात्र जशीच्या तशी, अखंड, आणि पितळ काळं पडलेलं. मला लाज वाटली.

गार्गीने मला चिंचेने घासलंय. पहिल्या मॅचसाठी मार्चच्या सुट्टीतली जपानची तिकिटं काढली आहेत, बारा दिवस उरलेत. धास्ती एकच आहे. ती वाजून झिजली, मी पडून मुकी झाले. आता एकमेकींवर पडल्यावर कसा सूर निघेल, देव जाणे. मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद्या खणात कुणी असेल. तिला जपायचं म्हणून ठेवून देऊ नका. अधूनमधून हातात घ्या, वाजवा. नाहीतर बोलावणं येतं, आणि आपला आवाज आपल्यालाच ठाऊक नसतो.