चिसोमोची यादी

दुबईच्या ऊद मेथा भागातल्या शाळेत शिकवणारी वैभवी दर शनिवारी शारजातल्या घरून आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका शाळेच्या कॉम्प्युटर क्लबला ऑनलाइन शिकवायची. एक्सेलचे धडे नुकतेच संपले होते, तेवढ्यात तिकडे मोठा पूर आला. तीन शनिवार कोणीच दिसलं नाही.

चौथ्या शनिवारी कॉल लागला. क्लबच्या मुलींनी आसपासच्या पूरग्रस्तांच्या छावण्यांमधल्या आणि बेपत्ता माणसांची यादी केली होती. चारशे बारा नावं होती.

"टीचर, ही गावांप्रमाणे कशी लावायची?" चौदा वर्षांच्या चिसोमोने विचारलं. "लोक आपलं माणूस शोधत येतात आणि आम्हाला नाव पटकन सापडत नाही."

वैभवीने दाखवलं. यादी लागली, तशी चिसोमोच्या गावाखाली तिच्याच आडनावाच्या एका बेपत्ता बाईचं नाव दिसलं.

"ही कोण गं?"

"माझी आई."

वैभवीने माउसवरचा हात काढला. "आज थांबूया का, बाळा?"

"नको टीचर. बाहेर माणसं उभी आहेत."

मग दोघींनी मिळून यादी पुरी केली. दुपारपर्यंत सहा कुटुंबांना आपली माणसं कुठल्या छावणीत आहेत ते कळलं. चिसोमोची आई मात्र पुढेही सापडली नाही.