वरची खोली

मराठी माणूस भेटलं की सुलेखाच्या तोंडाला लगाम राहत नाही, हे सिंगापुरातल्या बुकित बातोक भागातल्या तिच्या शेजाऱ्यांपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. वाटाघाटी घडवून आणणाऱ्या तिच्या संस्थेला तेवढं ठाऊक नव्हतं. नाहीतर इस्रायली आणि पॅलेस्टिनी मंडळींच्या बैठकीत मध्यस्थाच्या खुर्चीवर तिला कोणी बसवलंच नसतं.

बैठक अनौपचारिक होती. दोन्हीकडची निवृत्त माणसं, सिंगापूरमधलं एक हॉटेल, आणि एकच प्रश्न: वेस्ट बँकमधल्या इस्रायली वसाहतींचं बांधकाम थांबवायचं, तर किती? नवी वसाहत नको, इथवर दोघं कसेबसे आले होते. घोडं अडलं होतं जुन्या वसाहतींतल्या वाढीव घरांवर. पोरं मोठी होतात, त्यांना घरं लागतात, तेवढी सूट हवी, असं इस्रायलकडच्या नगररचनाकार रिबेका आवासकर म्हणत. अशा सुटीसुटीतूनच आमच्या टेकड्या भरून गेल्या, असं समोरचे डॉ. समीर म्हणत. आवाज न चढवता म्हणत, म्हणून ते जास्तच लागायचं.

आवासकर हे आडनाव वाचूनच सुलेखा विरघळली होती. बाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, अलिबागजवळच्या आवासच्या. लहानपणी आईबापांबरोबर इस्रायलला गेल्या, पण मराठी अजून ठसठशीत. पहिल्याच चहाला "अगं, कुठली गं तू?" झालं आणि संध्याकाळपर्यंत सुलेखा त्यांना मावशी म्हणायला लागली. मध्यस्थाला मावशी नसते, एवढं साधं शहाणपण चांगल्या शिकलेल्या बाईला सुचू नये, याला काय म्हणावं?

शेवटच्या दिवशी तर तिने कहर केला. बेने इस्रायली घरांत शुभकार्याला मलिदा करतात, हे मावशींकडून ऐकलं होतं. लिटिल इंडियातून आणलेल्या पोह्यांत गूळ-खोबरं घालून तिने सकाळी तो केला आणि डबा भरून घेऊन आली. एकच डबा. डॉ. समीरांसाठी काही न्यावं, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नाही.

मधल्या सुटीत चहाच्या खोलीत मावशींनी डबा उघडला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"तुला म्हणून सांगते," त्या मराठीत म्हणाल्या. "माझा धाकटा वसाहतीतच राहतो. सुनेला दिवस गेलेत. घरावर खोली चढवायचीय. ही सूट नाही मिळाली तर ती राहिलीच. आमच्या लोकांनाही मी हे बोलले नाहीये."

सूट मागण्यात मावशींचा स्वतःचा स्वार्थ होता, हे सुलेखाला आत्ता कळलं. वळून बघते तर दारात डॉ. समीर, हातात रिकामा कप. त्यांनी डबा पाहिला, दोघींचे चेहरे पाहिले आणि चहा न घेताच परत गेले.

टेबलावर बसताच त्यांनी पेनला टोपण लावलं. "आत काय बोलणं झालं ते मला कळायला हवं," ते इंग्रजीत म्हणाले. "नाहीतर मी आजच परत जातो. समझोत्याच्या मसुद्यावर माझी सही नसेल."

इकडे आड, तिकडे विहीर. घरगुती गप्पा होत्या म्हणावं, तर ते खोटं. खरं सांगावं, तर मावशी त्यांच्याच माणसांत उघड्या पडणार. सुलेखाला मावशींचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"काही ठरलं नाही," ती म्हणाली. "पण मी यांना घरचं मानलं आणि तुम्हाला पाहुणा. ती चूक माझी. बोलणं त्यांचं होतं, ते सांगायचा हक्क मला नाही. मी ही खुर्ची सोडते."

"बस तू," मावशी मराठीत म्हणाल्या. मग डॉ. समीरांकडे वळून त्यांनी सगळं इंग्रजीत सांगितलं: मुलगा, सून, खोली. मावशींच्या शेजारचा सहकारी त्यांच्याकडे बघतच राहिला.

डॉ. समीरांनी पेन बाजूला ठेवलं.

"माझ्या मुलानेही लग्न झाल्यावर आमच्या घरावर खोली चढवली होती," ते म्हणाले. "परवाना मागितला, तो तुमच्या लोकांनी दिला नाही. तशीच बांधली, तर पाडली. आता तो अम्मानला असतो. नातू मी फोनवर बघतो. तुमच्या नातवाला खोली नसावी असं मी म्हणणार नाही. ती कोणाच्या जमिनीवर असेल, एवढं मला सांगा."

मावशींचा चेहरा उतरला. त्यांनी सुलेखाकडे पाहिलं.

"काय सांगू गं यांना?" त्यांनी मराठीत विचारलं.

सुलेखाला भडभडून आलं. मावशींच्या हातावर हात ठेवावा असं फार वाटलं. तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले.

"मिसेस आवासकर," ती इंग्रजीत म्हणाली, "प्रश्न त्यांनी विचारलाय. उत्तर त्यांना द्या."