पत्र क्रमांक चारशे बारा

ही गोष्ट १९६८ सालची. बाईंच्या मासिकाला त्या वर्षी पाच वर्षं पूर्ण झाली होती. घरातल्या जेवणाच्या टेबलावर चार पानी पत्रक काढून सुरुवात केलेल्या बाईंकडे आता गल्लीच्या टोकाशी तीन खोल्यांचं ऑफिस होतं, तळमजल्यावर स्वतःची छपाई होती आणि दाराशी पितळी पाटी होती. वय अवघं छत्तीस. लोक म्हणत, बाईंच्या पायाला भिंगरी आहे. छपाईवाले काका म्हणत, पायाचं सोडा, खरी भिंगरी जिभेला आहे. हे ते बाईंच्या तोंडावरही म्हणत, कारण पहिल्या अंकापासून त्यांचे हात बाईंसाठी काळे झाले होते.

मासिक खपायचं ते एका सदराच्या जिवावर. सदराचं नाव ‘ताईंना विचारा’. वर पिकल्या केसांच्या, चष्मा लावलेल्या एका प्रेमळ बाईचं चित्र असे. अशी ताई कुणी नव्हतीच. उत्तरं आमच्या छत्तीस वर्षांच्या बाईच लिहीत. हे ऑफिसातल्या तिघांना आणि बाईंच्या घरच्यांना तेवढं ठाऊक होतं.

त्या तिघांतली एक म्हणजे टायपिस्ट. बावीस वर्षांची, अंगानं काडी, बोलणं मोजकं. सगळे तिला टकटक म्हणत. पहिल्याच दिवशी बाईंनी तिला समोर बसवून काम समजावलं होतं. आलेलं प्रत्येक पत्र तिनं आधी एकटीनं वाचायचं. मग ते टाईप करायचं आणि करताना नाव, गाव, धंदा, ज्या ज्या गोष्टीवरून लिहिणारी ओळखू येईल ती ती गाळायची. वर नुसता क्रमांक घालायचा. तो कागद बाईंकडे जाईल, मूळ पत्र कपाटात कुलूपबंद होईल. बाईंचं म्हणणं असं की, माणूस कळलं की मन डोलतं. श्रीमंतीण दिसली की सल्ला गोड होतो, गरीब दिसली की कीव येते. “आणि कपाटातलं पत्र मला ज्या दिवशी दाखवशील त्या दिवशी तुझी नोकरी संपली. मी हातापाया पडले तरी दाखवायचं नाही.”

टकटकनं हा नियम देवाच्या शब्दासारखा पाळला. गाळण्यात तिचा हात इतका बसला होता की चार मुलींची आई असेल तर ती ‘काही मुली’ करी आणि नवरा स्टेशनमास्तर असेल तर ‘नोकरदार’. उत्तर आलं की ती ते टाईप करून आधी टपालानं पाठवी. अंकात ते पुढे दोन महिन्यांनी छापलं जाई.

चारशे बारा क्रमांकाचं पत्र आलं तेव्हा तिला त्यात वेगळं काही वाटलं नाही; बाईंच्या घरी ती दाराशी निरोप देण्यापलीकडे कधी गेली नव्हती. एक म्हातारी सासू लिहीत होती. उत्तर शेजारच्या शिवणवाल्या बाईंच्या पत्त्यावर पाठवा, असं खाली होतं. सून वाईट नाही, हे आधीच लिहिते, अशी सुरुवात होती. जेवणाच्या टेबलावर सुनेचे छपाईचे कागद पसरलेले असतात, म्हणून मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून ताट मांडीवर घेते. मुलगा पूल बांधायला महिना महिना बाहेर. दिवसभरात सून मला एकच प्रश्न विचारते, आई, डिंकाची बाटली कुठे आहे? गावाबाहेर म्हाताऱ्या बायकांसाठी निवास आहे, तिथे एक खाट रिकामी होते आहे. जाऊ का? तुम्ही सांगाल तसं करीन.

टकटकनं नियमाप्रमाणे कात्री चालवली. ‘छपाईचे कागद’ गेले, तिथे ‘सामान’ आलं. पूल गेला. डिंकाची बाटली गेली, तिथे ‘माझी अमुक वस्तू कुठे आहे’ एवढंच उरलं.

बाईंनी ते वाचलं आणि त्या चिडल्या. आपल्याच घरात ताट मांडीवर घ्यायला लावते म्हणजे काय, ही सून आहे की घरमालकीण, असं पुटपुटत त्यांनी एका दमात उत्तर लिहिलं. जिथे आपल्याला कुणी विचारत नाही तिथे आशेवर बसून राहू नका. ताठ मानेनं जा. तुमच्या सुनेला तुमची किंमत तुमच्या रिकाम्या स्टुलावरून कळेल, आणि नाही कळली तर ते तिचं दुर्दैव. टकटकला उत्तर फार आवडलं. टाईप करताना तिचे डोळे भरून आले होते.

त्याला तीन आठवडे झाले. अंक मशीनवर चढायचा दिवस होता. शेवटच्या पानाची तपासलेली प्रुफं बाई घरीच विसरून आल्या होत्या, आणि काका जिन्याखालून हाका मारून घसा कोरडा करत होते. बाईंनी टकटकला घरी पिटाळलं.

घराचं दार उघडंच होतं. जेवणाचं टेबल प्रुफांखाली दिसत नव्हतं. टकटकनं हवी ती पानं शोधून काढली आणि आजींना सांगून निघावं म्हणून आत डोकावली. आजी, म्हणजे बाईंच्या सासूबाई, स्वयंपाकघरात स्टुलावर बसून जेवत होत्या. ताट मांडीवर होतं. पायाशी दोरीनं बांधलेली ट्रंक होती.

टकटक चौकटीतच थांबली.

आजींनी तिला चहा विचारला. कुठे निघालात, असं तिनं विचारलं तर म्हणाल्या, निवासात. सोमवारपासून खाट मिळणार होती, पण मुलगा शनिवारी येतो आहे, त्याच्या डोळ्यांदेखत निघणं जमायचं नाही, म्हणून आजच जाते. गाडीवाल्याला चारची वेळ दिली आहे.

“बाईंना माहीत आहे?” टकटकनं विचारलं.

“तिनंच तर सांगितलं.” आजींनी ब्लाउजच्या आत हात घालून घडी केलेला कागद काढला. “लेखी. तूच टाईप केलंस ना?”

वरच्या कोपऱ्यात क्रमांक होता, चारशे बारा. टकटकच्या मशीनचा ‘र’ अर्धा तुटका उमटायचा, तो तसाच तुटका होता.

आजी शांतपणे बोलत राहिल्या. तोंडानं बोलायला ती सापडत नाही, म्हणून पत्र लिहिलं. शिवणवालीकडून लिहवून घेतलं, नाहीतर अक्षरावरून ऑफिसभर झालं असतं. पण तिला एकटीला ओळखू यावं म्हणून डिंकाची बाटली मुद्दाम घातली. जगात दुसऱ्या कुठल्या घरात हा प्रश्न रोज विचारत असतील? वाटलं, ती बाटली वाचून हसेल, रात्री येऊन म्हणेल, काय हो आई, हे काय लिहिलंत. रोज वाट बघितली. ती आली, जेवली, कागद चाळले, झोपली. मग हे उत्तर आलं.

“राग नाही गं,” आजी म्हणाल्या. “स्पष्ट बोलली. आम्ही त्याच शिकवणीची माणसं.”

 ती बाटली टकटकनं स्वतःच्या हातानं गाळली होती. बाईंपर्यंत ती पोचलीच नव्हती. हे तिथेच सांगून टाकावं असं तिच्या ओठांवर आलं, पण तिनं विचार केला, आपण सांगून काय उपयोग? आजी म्हणतील, पोर मन राखते आहे. हे बाईंच्याच तोंडून आलं पाहिजे. गाडीवाला आला तर थांबवा, मी आलेच, एवढं बोलून ती पळत सुटली. प्रुफं तिथेच राहिली.

ऑफिसात येऊन तिनं कपाट उघडलं, मूळ पत्र काढलं आणि बाईंसमोर ठेवलं.

बाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग कपाटाच्या उघड्या दाराकडे. “नोकरी नकोशी झाली का?”

“वाचा, बाई. मग काढा.”

बाईंनी वाचलं. डिंकाच्या बाटलीपाशी त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, “मी काय उत्तर दिलं होतं?”

“जा, म्हणून.”

बाई उठल्या. खालून काकांचा आवाज आला की, पान येतं आहे की मी मशीनला अंगाई म्हणू? बाईंनी जिन्यातून उतरता उतरता सांगितलं की अंक आज चढणार नाही. पाच वर्षांत असं कधी झालं नव्हतं. काकांच्या हातातलं फडकं खाली पडलं. दाराशी बाई वळल्या आणि टकटकला म्हणाल्या, “तूही चल. एकटीनं मला जमणार नाही.”

गाडीवाला दाराशी उभा होता. ट्रंक अंगणात आली होती आणि आजी तिच्यावर बसल्या होत्या. बाई त्यांच्यासमोर जमिनीवरच बसल्या. एवढ्या बायकांना सल्ले देणाऱ्या बाई टकटककडे बघू लागल्या. शेवटी टकटकनंच सांगितलं, की बाटली मी गाळली, पूल मी गाळला, यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं पत्र कुणाचं.

आजींनी हे ऐकून घेतलं. मग सुनेला विचारलं, “म्हणजे तू कुणा परक्या सुनेला झापत होतीस?”

“हो.”

“तरीच इतकं खरं लिहिलंस.”

बाई रडल्या नाहीत. त्या रडणाऱ्यांतल्या नव्हत्याच. त्यांनी आजींचे पाय धरले नाहीत की माफीही मागितली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “आई, खरं सांगा. तुम्हाला जायचंय?”

“हे तीन आठवड्यांपूर्वी विचारायचं.”

“आज विचारते आहे.”

आजींनी गाडीवाल्याकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं.  मग नेहमीच्या खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, “आधी ते टेबल रिकामं कर. मग बघते.”

टेबल रिकामं करायला दोघींना अर्धा तास लागला. प्रुफांखाली दोन हरवलेले चमचे आणि मागच्या वर्षीचं विजेचं बिल सापडलं. गाडीवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. आजी टेबलाशी बसल्या आणि आपलं गार झालेलं जेवण त्या पुन्हा पहिल्यापासून जेवल्या. बाई समोर बसून होत्या. मध्येच आजी म्हणाल्या की तुझं उत्तर चांगलं होतं, पण त्यात एक चूक होती. जा म्हणण्याआधी सुनेलाही एक पत्र लिहायला हवं होतंस. तिची बाजू कोण ऐकणार? “दिवसभर राबते ती पण.” तेव्हा मात्र बाईंनी तोंड फिरवलं.

तो अंक दोन दिवस उशिरा निघाला आणि काहीही बिघडलं नाही.

टकटकची नोकरी गेली नाही. बाईंनी तिला फक्त इतकं सांगितलं की यापुढे नाव गाळ, गाव गाळ, पण माणूस गाळू नकोस. आजी दुपारच्या ऑफिसात येऊन बसू लागल्या. उत्तर टपालात पडण्याआधी त्यांना वाचून दाखवायचं अशी रीत पडली. कितीतरी ‘जा’ त्यांनी खोडले आणि काही ‘रहा’ सुद्धा. त्या आणखी अकरा वर्षं जगल्या. निवासातही त्या जात, दर महिन्याला, मासिकाचे गठ्ठे घेऊन, गप्पा मारायला.

पूल बांधणाऱ्या मुलाला, म्हणजे बाईंच्या यजमानांना, ही हकिकत कळली ती बऱ्याच वर्षांनी आणि तीही अर्धीच. निवृत्त झाल्यावर ते स्वयंपाक शिकले. त्यांचा स्वयंपाक शेवटपर्यंत वाईटच राहिला. छपाईवाले काका नवीन मशीनं आली तेव्हा रुसून घरी बसले. बाईंनी दोनदा बोलावलं, तिसऱ्यांदा स्वतः जाऊन आणलं. शिवणवाल्या बाई लेकीकडे राहायला गेल्या आणि मग त्यांची काही खबर लागली नाही.

बाईंची पुढे तीन मासिकं झाली, मग गोष्टींच्या कॅसेटी, मग टीव्हीचे कार्यक्रम. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी पहिलं पुस्तक लिहिलं आणि नंतर आणखी सहा. पहिल्या पुस्तकात चारशे बारा क्रमांकाचं पत्र आहे, अक्षरशः जसंच्या तसं, पूल आणि बाटलीसकट. त्याला दिलेलं उत्तरही आहे. कुणाचं पत्र, हे लिहिलेलं नाही. सभांमधून लोक विचारायचे, ती सासू गेली की राहिली? बाई म्हणायच्या, ते तिला विचारा. त्र्याऐंशीव्या वर्षी त्या गेल्या, कंपनी भाचीच्या हाती देऊन.

टकटक त्या कंपनीत एकोणचाळीस वर्षं होती आणि पत्रविभागाची प्रमुख म्हणून निवृत्त झाली. आता तिची सून नोकरी करते आणि घरी यायला उशीर करते. टकटक टेबलावर दोन ताटं मांडते आणि वाट बघते. फार उशीर झाला तर जेवून घेते, पण टेबलाशीच.